छंदांच्या दुनियेत : ट्रकचं वय ओळखा!



दिवाळीत आपण किल्ला करतो. दगड-विटा रचायच्या, वर पोतं टाकायचं, माती कालवून लिंपायची, मोहरी नाहीतर हळीव पेरायचे. मग महाराज सिंहासनावर, मावळे बुरुजांवर. आणि मग शेजारचा एखादा छोटा दोस्त येतो नि आपला प्लॅस्टिकचा ट्रक थेट महादरवाज्याशी आणून उभा करतो! कुणी त्याला रागावत नाही. किल्ला हा खेळ आहे. महाराजांच्या राज्यात ट्रक आला तर आला. हसायचं नि सोडून द्यायचं.

पण आता दुसरं चित्र डोळ्यांसमोर आणा. शाळेचं प्रदर्शन आहे. तुमच्या गटानं छोट्या प्रतिकृतींचा देखावा करायचं ठरवलंय. विषय आहे, ‘पानशेतचा पूर, पुणे, १२ जुलै १९६१.’

पुण्याबाहेरच्या दोस्तांना थोडक्यात सांगतो. त्या बुधवारी सकाळी पानशेतचं मातीचं धरण फुटलं. धरणाचं बांधकाम अजून पुरं व्हायचं होतं. आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचून ते वाचवण्यासाठी झटत होते. पण पाण्याला कोण अडवणार? पानशेतचा लोंढा खडकवासल्याच्या धरणात आला, तेही फुटलं, आणि मुठा नदी पुण्यात शिरली. पूल पाण्याखाली गेले, नदीकाठच्या पेठांमधली घरंच्या घरं कोसळली. पाणी ओसरल्यावर उरला तो चिखल.

तर तुम्ही चिखल छान केलात. पडकी घरं झकास झाली. आता चिखलातून माणसं नि सामान नेणारा एक ट्रक हवा, म्हणून घरातला एक ट्रक आणून ठेवलात. ट्रक चकचकीत. पाटी पिवळी. दारावर दहा आकडी मोबाईल नंबर.

प्रदर्शनाला एक आजी आल्या. त्या दिवशी त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या, कुणाच्या तरी गच्चीवर रात्रभर बसून होत्या. त्या तुमचा देखावा बघतील, ‘छान केलंय हो पोरांनो’ म्हणतील आणि पुढे जातील. त्यांना वाईट वाटू द्यायचं नसेल म्हणून ट्रकबद्दल अवाक्षरही काढणार नाहीत. पण त्यांच्या मनात काय येईल? ‘माझा तो दिवस या मुलांना ठाऊकच नाही.’

म्हणून सांगतो, देखावा म्हणजे साक्ष असते. साक्षीदारानं डोळे मिटून बोलायचं नसतं. आजच्या लेखात आपण ट्रकचं वय कसं ओळखायचं नि योग्य काळात योग्य ट्रक कसा बसवायचा ते बघू. चला तर मग!

आधी माप, मग साल

सालाच्या आधी एक गोष्ट ठरवायची, ती म्हणजे प्रमाण. १:८७ म्हणजे खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग. रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांचं जगभरातलं हे सगळ्यात आवडतं प्रमाण. त्याला ‘एचओ’ म्हणतात. इंग्लंडमध्ये त्याच रुळांवर थोडं मोठं, १:७६ हे प्रमाण चालतं. मोटारींचे संग्राहक बहुतेक १:४३ किंवा १:६४ घेतात.

हिशेब सोपा आहे. खरा ट्रक सात मीटर लांब धरा. म्हणजे ७०० सेंटिमीटर. भागिले ८७, उत्तर साधारण ८ सेंटिमीटर. तोच ट्रक १:७६ मध्ये ९ सेंटिमीटरच्या थोडा पुढे जातो, आणि १:४३ मध्ये १६ सेंटिमीटरच्या वर! पाच फूट पाच इंचांचा माणूस १:८७ मध्ये जेमतेम १.९ सेंटिमीटर उंच असतो, १:४३ मध्ये ३.८ सेंटिमीटर. म्हणजे एका मापाचा ड्रायव्हर दुसऱ्या मापाच्या ट्रकशेजारी उभा केलात, तर एक तर तो राक्षस दिसेल नाहीतर अंगठ्याएवढा.

इथे एक फसगत असते बरं का. खिशात मावणाऱ्या छोट्या गाड्यांना एक ठरलेलं प्रमाण असेलच असं नाही. त्यांचं माप ठरतं खोक्यावरून! याची गोष्ट गमतीची आहे. लंडनमध्ये लेझ्नी नावाची कंपनी होती. तिच्यातल्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत असा नियम होता, की काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. मग ओडेल यांनी तिच्यासाठी पितळेचा चिमुकला रोडरोलर केला, काडेपेटीत बसणारा. त्यातूनच १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ गाड्या सुरू झाल्या. आता विचार करा. खोकं एकाच मापाचं असलं, तर त्यात मोटार बसवायची तीही तेवढीच आणि भलामोठा ट्रक बसवायचा तोही तेवढाच. म्हणजे ट्रकचं प्रमाण लहान होणार. म्हणून अशा दोन गाड्या शेजारीशेजारी ठेवण्याआधी पट्टी घ्या, मोजा, भागा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

एका ट्रकच्या तीन तारखा

आता सालाकडे वळू. छोटा ट्रक उलटा करा. पोटाखाली बारीक अक्षरांत कंपनीचं नाव आणि पुष्कळदा एखादं साल असतं. समजा, १९७३ आहे. मग हा ट्रक १९७३ चा का?

नाही! ते साल खेळण्याचं. म्हणजे त्या खेळण्याचा आराखडा किंवा साचा कधीचा, ते सांगणारं. खरा ट्रक त्याच्या वीस वर्षं आधीचा असू शकतो. याच मॅचबॉक्सवाल्यांनी १९५६ साली मुद्दाम जुन्याच गाड्यांची एक वेगळी मालिका काढली होती. त्या गाड्यांच्या पोटाखालचं साल वाचून देखावा केलात तर पन्नास वर्षांची गडबड व्हायची.

म्हणून वहीत तीन तारखा लिहा. पहिली, खरा ट्रक कारखान्यातून पहिल्यांदा कधी बाहेर पडला. दुसरी, तो बनायचा कधी थांबला. तिसरी, रस्त्यावरून तो साधारण कधी नाहीसा झाला. आपल्याकडे ही तिसरी तारीख फार लांब असते. ट्रक एकदा घेतला, की मालक तो जपतो, इंजिन उतरवतो, पुन्हा बांधतो, रंग काढतो. वीस-वीस वर्षं ट्रक धावतो.

यातून एक सोन्यासारखा नियम निघतो. पाठच करा :

ट्रक प्रसंगापेक्षा थोरला चालेल, धाकटा चालणार नाही.

१९६१ च्या देखाव्यात १९४८ चा ट्रक असेल तर काही बिघडत नाही. म्हातारा ट्रक आहे, धावतोय बिचारा. पण १९६२ चा ट्रक? एकच वर्ष पुढचा असला तरी नको. जो जन्मलाच नाही तो पुरात सामान कसा नेणार?

१९६१ ची ट्रकमंडळी

आता नियम लावून बघू. पुण्याच्या रस्त्यावर १९६१ साली कोण असू शकेल?

टेल्को कंपनी १९४५ साली निघाली, ती रेल्वेची वाफेची इंजिनं बनवायला. १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी तिचा करार झाला, आणि त्याच वर्षी जमशेदपूरला ट्रक बनू लागले. ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’ हे त्यांचं नाव. समोर लांब नाक, म्हणजे बॉनेट, आणि जाळीवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा. १९६१ साली यातला सगळ्यात जुना ट्रक सात वर्षांचा. म्हणजे हा आपल्या देखाव्यात फिट्ट बसतो.

मद्रासजवळच्या एन्नोरला १९४८ साली निघालेली अशोक मोटर्स १९५५ साली ‘अशोक लेलँड’ झाली. तिचा ‘कॉमेट’ ट्रक चालेल.

मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांची प्रीमियर कंपनी होती. तिथे अमेरिकेच्या क्रायस्लरच्या डॉज नि फार्गो गाड्या जुळवल्या जात. त्याही चालतील.

आणि त्याहून जुने? मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना होता, १९२८ पासून १९५४ पर्यंत. तिथे शेवरोले आणि बेडफर्ड जुळवले जात. कारखाना बंद झाला तरी ट्रक थोडेच बंद होतात? शिवाय दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं विकून टाकलेल्या गाड्या होत्याच. लोकांनी त्या घेतल्या, त्यांवर नवे हौदे बांधले नि मालवाहतूक सुरू केली.

लष्कराचा ट्रक दाखवायचा असेल तर ‘शक्तिमान’ बसतो. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला १९५९ च्या सुमारास तो बनू लागला. लष्करी गाडीच्या नंबरात वर टोक केलेला बाण असतो, तेवढा रंगवायला विसरू नका.

आता कोण चालणार नाहीत? टाटा ४०७ नाही. तो आला १९८६ साली. मॅटॅडोर नाही, ती १९६९ ची. टाटा एस, ज्याला सगळे ‘छोटा हत्ती’ म्हणतात, तो तर २००५ चा. टाटांचा इंग्रजी ‘टी’ असलेला कुठलाच ट्रक नाही, कारण डाइमलर-बेंझशी असलेला करार १९६९ साली संपला आणि त्यानंतर ताऱ्याच्या जागी ‘टी’ आला. आणि हो, ‘पुण्यातच तर टाटांचा कारखाना आहे’ असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, पिंपरीचा तो कारखाना १९६६ चा. पुराच्या वेळी तो नव्हता.

पाटी, कपाळ आणि दार

समजा, ट्रक बरोबर निवडला. तरी चुगली करणाऱ्या तीन जागा उरतात.

पहिली, नंबराची पाटी. ‘एमएच’, मग दोन आकडे, ही पद्धत १९८९ पासूनची. नवा मोटार वाहन कायदा १९८८ साली झाला नि १ जुलै १९८९ पासून लागू झाला, त्याच्याबरोबर ती आली. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे असत. ट्रकला पिवळी पाटी ही एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीची खूण. १९९० च्या दशकात ट्रकला पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं असत. आणि सरकारी शिक्क्याची, खिळ्यांनी पक्की केलेली नवी पाटी नव्या गाड्यांना २०१९ पासून लागते.

दुसरी, कपाळ. केबिनच्या वर काय लिहिलंय? ‘पब्लिक कॅरियर’ हे शब्द १९३९ च्या कायद्यातले. दुसऱ्यांचा माल भाड्यानं नेणारा तो पब्लिक कॅरियर, आपलाच माल नेणारा तो प्रायव्हेट कॅरियर. १९८८ च्या कायद्यानं हे शब्द काढले. म्हणून पुढे ट्रकांच्या कपाळावर ‘गुड्स कॅरियर’ आलं. जुन्या ट्रकांवर जुनी अक्षरं काही वर्षं राहिली, हे खरं. पण १९६१ च्या ट्रकवर ‘गुड्स कॅरियर’ लिहिलंत तर चूकच. ‘नॅशनल परमिट’ ही अक्षरंही १९७० च्या दशकातली, तीही इथे नकोत.

तिसरी, दार. दारावर मालकाचं नाव-गाव असतं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड घालू नका. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. मोबाईल नंबरचं तर बोलायलाच नको. भारतात मोबाईलवरून पहिलं बोलणं झालं तेच ३१ जुलै १९९५ रोजी.

बघा, केवढ्याशा जागा! नखाएवढ्या. पण कायदा, टपाल, टेलिफोन सगळे त्यांच्यात येऊन बसलेत.

ट्रक एकटा नसतो

ट्रकच्या भोवतीही बघायला हवं. पेट्रोलपंप करणार असाल तर १९६१ साली ‘बर्माशेल’ची पाटी चालेल, ‘भारत पेट्रोलियम’ची नाही. बर्माशेल १९७६ साली सरकारनं ताब्यात घेतली आणि १९७७ पासून हे नवं नाव आलं.

चहाच्या टपरीवर भावाची पाटी लावा, पण तीवर ‘नवे पैसे’ लिहा. आण्यांऐवजी शंभर पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ ला सुरू झाला. जुन्या पैशाशी घोटाळा नको म्हणून १९६४ पर्यंत त्याला ‘नवा पैसा’ म्हणत. एवढी एक पाटी पाहून तुमच्या आजोबांच्या वयाची माणसं खुदकन हसतील.

रस्त्यावर ॲम्बॅसिडर आणि फियाट चालतील. मारुती नको, ती १९८३ ची. टांगा हवा. बैलगाडी हवी. हातगाडी हवी. ट्रकांचा देखावा करायचा म्हणून रस्ता ट्रकांनीच भरून टाकू नका. त्या काळी किती तरी सामान बैलांच्या नि माणसांच्या खांद्यांवरूनच जात होतं.

आणि नव्या-जुन्याची सरमिसळ करा. सगळेच ट्रक १९६१ चे कोरे करकरीत दिसले तर तो कारखान्याचा आवार वाटेल, पुणं नाही. एक युद्धाच्या काळातला म्हातारा, एक सात-आठ वर्षांचा, एखादा नवा. आपल्या आळीत नाही का, पणजोबाही असतात नि तान्हं बाळही?

युरोपातले छंदवाले काय करतात?

युरोपात हा छंद फार जुना. तिथल्या रेल्वे मॉडेलवाल्यांच्या संघटनेनं काळाचे चक्क कप्पे पाडलेत. त्यांना ते ‘युग’ म्हणतात आणि रोमन आकडे देतात. जर्मनीपुरतं सांगायचं तर पहिलं युग साधारण १९२० पर्यंतचं. दुसरं तिथून महायुद्ध संपेपर्यंत. तिसरं युद्धानंतरपासून १९७० च्या आसपासपर्यंत. चौथं १९९० पर्यंत, म्हणजे दोन जर्मनी एक होईपर्यंत. मग पाचवं, आणि साधारण २००७ पासून सहावं. दुकानातल्या छोट्या गाड्यांच्या खोक्यावरही पुष्कळदा हा आकडा छापलेला असतो. तिसऱ्या युगाचं इंजिन घेतलंत की तिसऱ्या युगाचाच ट्रक शोधायचा.

पद्धत सोयीची आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, युग मोठं असतं. १९५० चा देखावा नि १९६८ चा ट्रक दोन्ही तिसऱ्या युगातच येतात, तरी एकमेकांशेजारी बसत नाहीत. दोन, हे कप्पे त्यांच्या इतिहासाचे आहेत. आपल्याकडचे कप्पे आपणच पाडायचे. एक सुचवतो : १९४७ पर्यंत, मग १९५४ पर्यंत, बाहेरून आलेले सुटे भाग जुळवण्याचा काळ, मग १९६९ पर्यंत, टाटांच्या ताऱ्याचा काळ, मग १९८५ पर्यंत, मग १९८६ पासून, छोट्या नव्या ट्रकांचा काळ, आणि २००५ पासून, छोटा हत्ती गल्लीबोळांत शिरला तेव्हापासूनचा. तुम्हाला याहून चांगले कप्पे सुचले तर जरूर करा. मात्र प्रत्येक रेघ का मारली, ते सांगता आलं पाहिजे.

ट्रक मिळाला नाही तर?

खरी अडचण इथेच आहे. १९६१ चा भारतीय ट्रक कुठल्या दुकानात मिळणार?

पण आपल्या ट्रकांना परदेशात भावंडं आहेत. पहिले टाटा मर्सिडीज हे जर्मन मर्सिडीजचेच सख्खे भाऊ. त्या जर्मन ट्रकची १:८७ मधली मॉडेलं मिळतात. बेडफर्डची इंग्लिश मॉडेलं १:७६ मध्ये मिळतात. फक्त जर्मन मॉडेल घेतलंत तर आत डोकावून बघा. स्टिअरिंग डावीकडे असेल! ते उजवीकडे न्यायचं. बेडफर्ड इंग्लंडचा, तिथेही गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं जातात, त्यामुळे त्याला ही अडचण नाही.

आणि हे महागाचं काम वाटत असेल तर आणखी आनंदाची बातमी. आपल्याकडे किती तरी ट्रक कारखान्यातून पुरे होऊन येतच नसत. यायची ती चासी, इंजिन आणि पुढचं नाक. मागची केबिन नि हौदा गावातले सुतार-लोहार बांधत, लाकडाचा नि पत्र्याचा. म्हणजे तुम्ही जाड पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या नि डिंक घेऊन केबिन बांधलीत, तर ती तडजोड नव्हे. खऱ्या ट्रकचं अंग असंच गावच्या माणसांच्या हातून तयार व्हायचं! मागचा फाळका काड्यांचा, वर जुन्या रुमालाची ताडपत्री, शिवायच्या दोऱ्याचे दोर. खर्च जवळजवळ शून्य.

शेवटी ट्रक मळवा. नवा रंग चमकतो, तो पातळ तपकिरी रंगाचं पाणी फिरवून मारून टाका. चाकांना चिखल. हौद्याच्या कडा घासून लाकूड उघडं पाडा, कारण पोती तिथेच घासतात. ड्रायव्हर नि क्लीनर विसरू नका. पुराच्या त्या दिवसांत ट्रक काही आपोआप चालत नव्हते.

विचारा, पण नीट विचारा

माहिती कुठून काढायची? वाचनालयात त्या वर्षांची वर्तमानपत्रं बघा. जुन्या मासिकांतल्या जाहिराती बघा, तिथे ट्रकांची झकास चित्रं असतात, सालासकट. पुण्यात आलात तर कोथरूड परिसरातलं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय जरूर पाहा. ते १९९८ साली सुरू झालं. माणसं, घरं, गाड्या, रूळ सगळं एका जगात कसं नांदतं ते तिथे बघायला मिळतं.

आणि माणसांना विचारा. तुमच्या गावात कुणी तरी निवृत्त ड्रायव्हरकाका असतील, गॅरेजवाले चाचा असतील. पण ‘तेव्हा टाटाचा ट्रक होता ना?’ असं विचारू नका. समोरचा माणूस सहज ‘हो’ म्हणून जातो. ‘तुम्ही शिकलात तो पहिला ट्रक कुठला? समोर काय चिन्ह होतं? दार लाकडी होतं का पत्र्याचं?’ असं विचारा. मग बघा, माणूस कसा खुलतो. आणि त्यांनी सांगितलेलं वर्ष दुसऱ्या एका पुराव्याशी ताडून पाहा. आठवण खरी असते, पण कधी कधी वर्षं सरकतात.

आता उलटं करून बघा

एवढा वेळ आपण साल ठरवून ट्रक शोधत होतो. आता ट्रकवरून साल शोधा. घरातला जुना फोटो काढा, मागे तारीख नसलेला. फोटोतली सगळ्यात धाकटी वस्तू कुठली ते हुडका. तिचा जन्म ज्या वर्षी, त्याच्या आधीचा तो फोटो असूच शकत नाही. पाठीमागे टाटा ४०७ उभा असेल तर तो फोटो १९८६ च्या आधीचा नाही. मग कुणी काहीही म्हणो!

ही युक्ती फार कामाची आहे, दोस्तांनो. हल्ली मोबाईलवर पूर, दुष्काळ, भूकंप यांचे फोटो फिरतात. खाली काहीही साल लिहिलेलं असतं. मोठी माणसंही ते पाहून हळहळतात नि पुढे पाठवतात. तुम्ही मात्र थांबा. पाटी बघा, कपाळ बघा, दार बघा. ‘हा फोटो १९६१ चा नाही, कारण मागे अमुक आहे’ असं पुराव्यानिशी, नम्रपणे सांगा. ज्यांनी तो पूर खरोखर भोगला, त्यांच्या दुःखावर दुसरंच चित्र चिकटवलं जाऊ नये, एवढंच.

आणि आपल्या त्या देखाव्यातल्या आजी? त्यांच्यासाठी ट्रकच्या नाकावर तीन टोकांचा तारा चिकटवा. टपरीवर ‘नवे पैसे’ लिहा. मग त्या ‘छान केलंय’ म्हणून पुढे जाणार नाहीत. थांबतील. बोट दाखवून सांगू लागतील, पाणी कुठपर्यंत आलं होतं ते. तेव्हा वही-पेन्सिल तयार ठेवा.

ओळखा पाहू!

खालच्या देखाव्यांत ट्रक आणि काळ जुळतात का? आधी उत्तरं लिहा, मगच खाली बघा. लबाडी नाही करायची!

१. देखावा १९६५ चा. ट्रकच्या जाळीवर टाटांचा ‘टी’.
२. देखावा १९७२ च्या दुष्काळाचा. धान्य उतरवणाऱ्या ट्रकच्या कपाळावर ‘पब्लिक कॅरियर’, जाळीवर तीन टोकांचा तारा.
३. देखावा १९८० चा. ट्रक डिझेल भरतोय, पंपावर ‘बर्माशेल’ची नवीकोरी पाटी.
४. देखावा १९८४ चा. बाजारात भाजी उतरवतोय टाटा ४०७.
५. देखावा १९९१ चा. ट्रकची पाटी पांढरी, अक्षरं काळी, नंबर ‘एमएच १२’नं सुरू होणारा.

उत्तरं : १. चूक, ‘टी’ १९६९ नंतरचा. २. बरोबर, ट्रक प्रसंगापेक्षा थोरला आहे, चालेल. ३. चूक, १९७७ पासून नाव बदललं. ४. चूक, दोनच वर्षांनी हुकलं, पण हुकलं ते हुकलंच! ५. बरोबर.

पाचही बरोबर आली? शाब्बास! तीन आली तरी हरकत नाही, लेख पुन्हा एकदा वाचा. आणि या रविवारी एक काम करा. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी, कुणा मोठ्या माणसाला बरोबर घेऊन उभे राहा नि समोरून जाणारे दहा ट्रक वहीत टिपा : नाव, चिन्ह, पाटी, कपाळावरची अक्षरं, हौदा लाकडी की लोखंडी. आज ही नोंद साधी वाटेल. पण चाळीस वर्षांनी कुणी तरी आजच्या रस्त्याचा देखावा करायला बसेल, तेव्हा तुमची ती वही त्याला सोन्याहून मोलाची वाटेल.

भेटू पुढच्या आठवड्यात, नव्या छंदासह!

तुमचा,
छंदमित्र